घरचा मामला

रविवार, १६ मार्च २०२५, पुणे

दिवाळी अंकाचा विषय संपादकबाईंनी शिमग्यातच ठरवून टाकला. वंशभेदाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराला यंदा ६० वर्षं होतात, त्यावर लिहा म्हणाल्या. वर तंबी : कलमं नकोत, माणसं हवीत. मी हो म्हटलं खरं, पण या विषयातली माणसं कलमांच्या आतच दडून बसलेली असतात.

एक पक्कं केलं. सुरुवात १९६५पासून करायची नाही. करार मंजूर झाला २१ डिसेंबर १९६५ला. त्यामागचं निमित्त म्हणून १९५९च्या नाताळच्या आदल्या रात्री कोलोनमधल्या सिनॅगॉगवर नाझींची स्वस्तिकं रंगवली गेली आणि मग देशोदेशी तसलीच लाट उठली, हे सांगतात. ते खरंच आहे. पण वंशभेदाचं गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रांच्या दारात आधीच नेलं होतं ते भारतानं, आणि तेही स्वातंत्र्य पदरात पडायच्या आत.

मंगळवार, १८ मार्च

दिवसभर १९४६.

दक्षिण आफ्रिकेत त्या साली हिंदी लोकांनी जमीन कुठे घ्यायची, राहायचं कुठे, याच्या रेषा आखणारा कायदा झाला. तिथल्या लोकांनी त्याचं बारसं 'घेटो कायदा' असं केलं. डर्बनमध्ये गेल स्ट्रीट आणि उंबिलो रोड मिळतात त्या कोपऱ्यावर नगरपालिकेची मोकळी जागा होती. १३ जूनला सत्याग्रहींनी तिथे तंबू ठोकले. रात्री गोऱ्या पोरांची टोळकी येऊन तंबू उखडायची, मारहाण करायची. सकाळी तंबू पुन्हा उभे. मग अटका सुरू झाल्या आणि पुढच्या दोन वर्षांत दोन हजारांच्या आसपास माणसं तुरुंगात जाऊन आली. पुढारी दोघं डॉक्टर, मॉन्टी नायकर आणि युसुफ दादू. दोघंही एडिंबरात शिकलेले.

भारत सरकारनं २२ जूनला संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार दाखल केली. तेव्हा दिल्लीत अजून व्हाइसरॉयचंच कार्यकारी मंडळ होतं, नेहरूंचं हंगामी सरकार सप्टेंबरात आलं. म्हणजे तक्रार करणारं सरकार इंग्रजांचं, आणि ज्याच्यावर तक्रार तो देशही ब्रिटिश राष्ट्रकुलातलाच. लोकमताचा रेटा केवढा असेल! जुलैत भारतानं दक्षिण आफ्रिकेशी व्यापारच तोडला. आपल्या निर्यातीचा सुमारे पाच टक्के हिस्सा तिकडे जायचा, त्यात तागाची पोती मोठ्या प्रमाणात. नैतिक भूमिका घेताना खिशाला चाट बसू द्यायची, हे आपण तेव्हा केलं होतं. (आजच्या परराष्ट्र खात्याच्या ऐटबाज निवेदनांशेजारी हे मांडून बघावंसं वाटतं.)

आमसभा भरायची न्यूयॉर्कच्या फ्लशिंग मेडोमध्ये, बर्फावर घसरायच्या जुन्या रिंकवर तक्तपोशी घालून केलेल्या सभागृहात. एका बाजूला विजयालक्ष्मी पंडित, सोबत मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती छागला आणि कृष्ण मेनन. दुसऱ्या बाजूला दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या प्रास्ताविकात मानवी हक्कांची भाषा आणण्यात ज्यांचा मोठा वाटा, तेच हे स्मट्स. त्यांचा बचाव एका ओळीत बसतो : हिंदी लोक आमचे रहिवासी आहेत, त्यांना कसं वागवायचं हा आमच्या घरचा मामला, सनदेचंच दुसरं कलम तुम्हाला त्यात नाक खुपसू देत नाही. फार तर हेगच्या न्यायालयाकडे पाठवा.

मतदान ८ डिसेंबरला. दोन-तृतीयांश बहुमत लागणार होतं. बाजूनं ३२, विरुद्ध १५, तटस्थ ७. मी पाठीमागच्या कागदावर करून पाहिलं : एकच मत इकडचं तिकडे गेलं असतं, ३१ विरुद्ध १६ झालं असतं, तर ठराव पडला असता. ठरावात तरी काय? फ्रान्स आणि मेक्सिकोनं मांडलेला मवाळ मसुदा : हिंदी लोकांना मिळणारी वागणूक उभय देशांतल्या करारांना आणि सनदेला धरून असावी, आणि दोन्ही सरकारांनी पुढल्या अधिवेशनात अहवाल द्यावा. दात नाहीत, नखं नाहीत. पण 'घरचा मामला' हे कुलूप त्या दिवशी पहिल्यांदा उघडलं.

पंडितबाईंनी आत्मचरित्रात सांगितलंय की निकालानंतर त्या स्मट्सकडे गेल्या आणि माझ्या बोलण्यात गांधीजींच्या शिकवणुकीला सोडून काही आलं असेल तर माफ करा, म्हणाल्या. म्हाताऱ्याचं उत्तर चलाख होतं : हा विजय पोकळ आहे, या मतानं पुढच्या निवडणुकीत मी जाईन, तुमच्या हाती काही लागणार नाही. १९४८ला ते खरोखर गेले. आले मलान, आणि वंशभेदाची सरकारी व्यवस्था खऱ्या अर्थानं उभी राहिली ती त्यांच्या पक्षाच्या हातून. म्हणून स्मट्सचं म्हणणं बरोबर ठरवायचं का? मला नाही वाटत. जुलूम वाढला म्हणून तक्रारीला दोष देणं ही जुलूम करणाऱ्याची सोय असते.

बुधवार, १९ मार्च

रंगपंचमी. खाली पोरांचा गोंगाट, खिडक्या लावून बसलो. कालच्यात एक राहिलं : आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष डॉ. झूमा तेव्हा स्वतःहून न्यूयॉर्कला येऊन धडकले होते. तिथे स्मट्सशी गाठ पडली. स्वतःच्याच पंतप्रधानाला भेटायला अर्धं जग ओलांडावं लागलं, अशा अर्थाचं ते बोलून गेले. आमचं गाऱ्हाणं हिंदी लोकांपुरतं होतं. झूमांच्या लोकांची, म्हणजे त्या देशातल्या बहुसंख्यांची बाजू त्या ठरावात नव्हतीच. लेखात हे गाळता कामा नये.

शुक्रवार, २१ मार्च

आजचा जागतिक दिवस दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिल गावाचा. २१ मार्च १९६०. पास घरी ठेवून पोलीस ठाण्यावर जायचं आणि अटक करा म्हणायचं, असा रॉबर्ट सोबुक्वे यांच्या पक्षाचा कार्यक्रम होता. पोलिसांनी गोळीबार केला, ६९ ठार. कित्येकांना गोळ्या पाठीत लागल्या होत्या, म्हणजे पळताना. सहा वर्षांनी आमसभेनं हा दिवस वंशभेदनिर्मूलनाचा म्हणून जाहीर केला.

पास म्हणजे काय ते नीट पाहिलं पाहिजे. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक काळ्या माणसाकडे पुस्तिका : फोटो, नोंदणी क्रमांक, कुठल्या शहरात राहायला मुभा, कर भरल्याची नोंद, आणि मालकाची सही. ही सही दर महिन्याला. मालक रजेवर गेला, विसरला, चिडला, की बिनसहीचा माणूस शहरात बेकायदा. रस्त्यात कुठलाही शिपाई पुस्तिका मागणार, नसेल तर गाडीत घालणार. आणि ज्या कायद्यानं १९५२ला ही पुस्तिका सगळ्यांच्या गळ्यात मारली, त्याच्या नावात काय होतं? 'पास रद्द करणे'! जुने सुटे पास रद्द करून एकच जाडजूड पुस्तिका दिली, म्हणून. चाळीस वर्षं सरकारी पत्रकं वाचून पोट भरलं, तरी या नावाला माझा सलाम.

मंडेलांनी नव्या राज्यघटनेवर सही करायला १० डिसेंबर १९९६ला शार्पव्हिल हेच गाव निवडलं.

रविवार, २३ मार्च

सोसायटीची सभा. विषयपत्रिकेत पाण्याची टाकी, रंगकाम आणि 'इतर'. सगळा वेळ 'इतर'मध्ये गेला.

तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट मालक भाड्यानं देतोय, टांझानियाच्या दोन विद्यार्थ्यांना. दोघं इथे फार्मसी शिकतात. एजंट त्यांना घेऊन आला होता तेव्हा मी जिन्यात भेटलो. एकानं बूट बाहेर काढून कडेला नीट लावले होते. सभेत सुरुवात अदबीनं झाली : पोलिसांची कटकट होईल, परदेशी भाडेकरू म्हटलं की चोवीस तासांत 'सी फॉर्म' भरावा लागतो. मी म्हटलं, तो ऑनलाइन भरतात आणि भरायचा मालकानं. मग रात्री मोठ्यानं बोलतात. मग स्वयंपाकाचा वास. मग शेवटी जे पोटात होतं ते : "आपल्या मुलीबाळी जिन्यातून जातात-येतात."

ज्या वहिनी हे बोलल्या त्यांचा मुलगा २००९ साली मेलबर्नला शिकत होता. भारतीय पोरांवर तिथे हल्ले होत होते तेव्हा त्या रोज रात्री पेपरच्या ऑफिसात फोन करून मला विचारायच्या, काही नवीन बातमी आहे का हो भाऊजी? मी ती आठवण काढली. वहिनी गडबडल्या नाहीत. म्हणाल्या, "तो तिथे कायद्यानं गेला होता. आणि ही आपली सोसायटी आहे, इथे कोण राहणार ते आपण ठरवायचं, बाहेरच्यांनी नाही." पोरंही कायद्यानंच आलीत, म्हटलं. त्यावर चहा आला.

उपविधींप्रमाणे भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही, नुसतं कळवलं की झालं. म्हणून ठराव कोणी मांडलाच नाही. मालकाला 'तोंडी सुचवायचं' ठरलं. माझा विरोध नोंदवा म्हटलं तर सेक्रेटरी म्हणाले, "काका, लेखी कशाला?" इतिवृत्तात एवढंच आलं : भाडेकरूंबाबत चर्चा झाली.

वंशभेदाविरुद्धच्या करारात घराचा हक्क स्पष्ट आहे, आणि भारतानं तो डिसेंबर १९६८ मध्ये मान्यही केलाय. पण खासगी मालकाला किंवा सोसायटीला हात लावेल असा सर्वसाधारण भेदभावविरोधी कायदा आपण आजवर केलेला नाही. त्या पोरांनी दाद मागायची तर कुठे?

गुरुवार, २७ मार्च

संपादकबाईंना माणसं हवीत ना, मग टेनिस.

१९७४च्या सप्टेंबरात डेव्हिस चषकाची भारत–सोव्हिएत लढत पुण्यात झाली. मी तेव्हा कॉलेजात. मेत्रेवेली म्हणजे आदल्याच वर्षीचा विम्बल्डनचा उपविजेता, त्याला बघायला आख्खं डेक्कन लोटलं होतं. विजय आणि आनंद अमृतराज, कर्णधार रामनाथन कृष्णन. आपण ३–१ जिंकलो आणि थेट अंतिम फेरीत. समोर कोण? दक्षिण आफ्रिका. सरकारनं खेळायचं नाही असं ठरवलं आणि चषक न खेळताच त्यांना गेला. अंतिम सामना न होता चषक दिला गेल्याचं त्या स्पर्धेतलं हे एकच उदाहरण.

आमच्या कट्ट्यावर त्या दिवशी अक्षरशः दोन तट पडले. एक म्हणे, कोर्टवर हरवून दाखवायचं होतं. दुसरा म्हणे, ज्या देशात काळ्या माणसाला त्या कोर्टच्या बाकावर बसता येत नाही तिथे जिंकून काय करायचं. मी पहिल्या तटात होतो, आणि अमृतराजांच्या तोंडचा घास गेला याची चुटपुट अजून आहे. भारत पुढे १९८७ला पुन्हा अंतिम फेरीत गेला, स्वीडनकडून हरला. चषक आजतागायत नाही. खुद्द विजय अमृतराज यांनी मात्र नंतरच्या मुलाखतींत तो निर्णय योग्यच होता असं सांगितलंय.

बहिष्काराचा उपयोग होतो का, या प्रश्नावर माझं उत्तर : एकट्याचा होत नाही, साखळी झाली की होतो. १९७७ला राष्ट्रकुलाचा ग्लेनईगल्स करार, १९८०पासून तिथे खेळून आलेल्यांची संयुक्त राष्ट्रांची यादी. नाव छापून येणं खेळाडूंना दंडापेक्षा झोंबायचं. या सगळ्याचं कारकुनी इंजिन चालवणारा माणूस आपला होता, ई. एस. रेड्डी, मूळ आंध्रचे. १९६३ला वंशभेदविरोधी विशेष समिती बसली तेव्हा एकही पाश्चात्त्य देश तीत यायला तयार नव्हता. रेड्डींनी तेच पथ्यावर पाडून घेतलं : अडवणारं आत कोणी नाही, मग काम करा. पत्रकं, सुनावण्या, देशोदेशीच्या चळवळींशी पत्रव्यवहार, कैद्यांच्या कुटुंबांसाठी निधी. २०२० साली ते गेले तेव्हा मराठी पेपरांत किती ओळी आल्या ते विचारू नये.

वडिलांच्या पासपोर्टवर 'दक्षिण आफ्रिका वगळून' असं छापलेलं होतं. १० नोव्हेंबर १९९१ला क्लाइव्ह राइसचा दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट संघ ईडन गार्डन्सवर उतरला तेव्हा वडिलांना ते वाचून दाखवलं होतं.

बुधवार, २ एप्रिल

आता अवघड भाग. डर्बन, २००१.

३१ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर, वंशभेदाविरुद्धची जागतिक परिषद. मी रात्रपाळीला. सरकारी परिषद कन्व्हेन्शन सेंटरात आणि संघटनांचा मेळा किंग्जमीडच्या क्रिकेट मैदानावर. भारतातून शंभराहून जास्त दलित कार्यकर्ते गेले होते, ढोल, फलक, घोषणा. मागणी एवढीच की 'काम आणि जन्म यांवरून होणारा भेदभाव' हे शब्द जाहीरनाम्यात यावेत. भारत सरकारनं ते येऊ दिले नाहीत. परराष्ट्र राज्यमंत्री होते एकतीस वर्षांचे ओमर अब्दुल्ला. त्यांच्या भाषणाचा गाभा असा की परिषद वंशावर आहे, जात म्हणजे वंश नव्हे, आमची राज्यघटना समर्थ आहे, आणि सदस्य देशांच्या आत समाज घडवण्याचं काम या परिषदेचं नव्हे.

टेलिप्रिंटरची जागा तोवर संगणकानं घेतली होती, पण मजकूर तसाच धबधबा यायचा. ३ सप्टेंबरला इस्रायलच्या प्रश्नावरून अमेरिका आणि इस्रायल उठून गेले, आणि बातमी तीच झाली. दलितांची बातमी आतल्या पानावर, दोन कॉलम. परिषद संपली आणि तीन दिवसांनी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले. गुलामगिरी हा मानवतेविरुद्धचा गुन्हा होता हे तिथे उरलेल्या देशांनी पहिल्यांदा लिहून दिलं, त्यावर आमच्याकडे अग्रलेख लिहून तयार होता. तो कधी छापलाच गेला नाही.

आज ओमर अब्दुल्लांचं भाषण आणि स्मट्सचा बचाव शेजारी ठेवून वाचले. फरक मोठा आहे आणि तो नोंदवलाच पाहिजे : स्मट्सचा कायदा भेदभाव करत होता, आपला कायदा त्याला गुन्हा ठरवतो. राज्यघटनेचं सतरावं कलम आहे, १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. पण जे आपण १९४६ साली फ्लशिंग मेडोमध्ये हाणून पाडलं, तेच डर्बनमध्ये आपण पुढे केलं. विचारायचा अधिकार तुम्हाला नाही.

शनिवार, ५ एप्रिल

ही एकट्या सरकारचीच बाजू होती असं नाही. समाजशास्त्रज्ञ आंद्रे बेतेई यांनी तेव्हा 'हिंदू'त लिहिलं की जातीला वंश म्हणणं शास्त्राला धरून नाही. ते बरोबरच आहे. पण शास्त्राला धरून तर वंशही नाही. त्यानं अमेरिकेतल्या काळ्या माणसाचं जगणं थांबत नाही की सुकर होत नाही.

शिवाय कराराच्या पहिल्याच कलमात नुसता वंश नाही. वंश, रंग, कूळ, राष्ट्रीय किंवा वांशिक मूळ, अशी यादी आहे. त्यातलं कुळाचं टाकलं कोणी? मसुद्याच्या चर्चेत, १९६५ला, भारतानं! कराराची समिती म्हणजे अठरा तज्ज्ञ. जिनिव्हात प्रत्येक देशाच्या शिष्टमंडळाला समोर बसवून दोन बैठका प्रश्न विचारायचे, मग निष्कर्ष लिहायचे. हाती पोलीस नाहीत की दंड नाही. या समितीनं ऑगस्ट २००२ मध्ये स्पष्टच सांगितलं की कुळात जात येते. आपण म्हणतो, येत नाही.

गंमत पुढे आहे. डिसेंबर २००६ मध्ये दिल्लीत पंतप्रधान मनमोहन सिंग जाहीरपणे म्हणाले की अस्पृश्यतेला जगात तुलना असेल तर ती वर्णद्वेषी राजवटीचीच. बातमी जगभर झाली. दोनच महिन्यांनी त्याच सरकारचं शिष्टमंडळ जिनिव्हात समितीसमोर बसलं आणि जात या कराराखाली येत नाही म्हणून सांगून आलं.

मंगळवार, ८ एप्रिल

बाबासाहेबांचं पत्र पुन्हा काढलं. १९४६चंच. अमेरिकेतल्या निग्रो काँग्रेसनं संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं त्यांच्या वाचनात आलं. त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना लिहिलं की मी निग्रोंच्या प्रश्नाचा विद्यार्थी आहे, तुमच्या आणि आमच्या लोकांच्या स्थितीत फार साम्य आहे, अस्पृश्यही तसाच अर्ज करण्याच्या विचारात आहेत, दोन-तीन प्रती मिळतील का? ड्यू बॉइस यांचं जुलैअखेरचं उत्तर आपुलकीचं आहे. तुमचं नाव मला ठाऊक आहे, प्रती पाठवतो. दोन्ही पत्रं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जपलेली आहेत.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. जाती म्हणजे वेगवेगळे वंश, ही मांडणी आंबेडकरांनी स्वतःच खोडून काढली होती, एकदा नव्हे, अनेकदा. बेतेई जे २००१ मध्ये सांगत होते ते त्यांना तेव्हाच पुरतं ठाऊक होतं. तरीही ते न्यूयॉर्कच्या दाराची चौकशी करत होते. जात म्हणजे वंश आहे की नाही, यावर त्यांचं काही अडलं नव्हतं. आणि त्याच महिन्यांत भारत सरकार त्याच दारात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध उभं होतं.

शुक्रवार, ११ एप्रिल

फुले जयंती. 'गुलामगिरी' १८७३चं, अर्पण अमेरिकेतल्या लोकांना, त्यांनी गुलामांची मुक्तता केली म्हणून. पुण्यात बसून. लेखात एवढंच एक वाक्य टाकणार, स्पष्टीकरण न देता.

रविवार, १३ एप्रिल

शेवटचा तुकडा आजचा काळ. वंशभेदविषयक विशेष प्रतिवेदक म्हणून २०२२ला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेनं अश्विनी के. पी. यांना नेमलं. बेंगळुरूच्या, दलित, या पदावर आलेल्या पहिल्या भारतीय.

आणि सिएटल. २१ फेब्रुवारी २०२३ला तिथल्या नगर परिषदेनं जातीवरून भेदभावाला बंदी घातली, अमेरिकेत असं करणारं पहिलं शहर. ठराव क्षमा सावंत यांचा. जन्म पुण्याचा, बालपण मुंबईचं. सहा विरुद्ध एक. मग कॅलिफोर्नियानं राज्यभराचा कायदा मंजूर केला, तो गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबरात परत पाठवला. कारण काय, तर वंशावळीवरून भेदभावाला आमच्याकडे आधीच बंदी आहे, जात त्यात आली, वेगळा कायदा कशाला. जिनिव्हात आमचं सरकार म्हणतं कुळात जात येत नाही, सॅक्रामेंटोत त्यांचा गव्हर्नर म्हणतो येतेच, आणि दोन्हीकडे जातीचं नाव तेवढं कागदावर येत नाही. लेखी कशाला?

हे पान संपादकबाईंना आजच पाठवतो. त्यांचे निम्मे परदेशी वर्गणीदार कॅलिफोर्नियात आहेत. पत्रं येणार हे धरूनच चालावं, आणि आलेली सगळी छापावीत, अशी अट घालणार आहे.